चौदा लाल लेंगे आणि बिलामावशीचं नाक

बार्मेनच्या फासबेंडर रंग कारखान्यात दोन डॉक्टर चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, रसायनाचे. आणि भांडण कशावरून, तर बेंझिनच्या कड्यावरून. दगडी कोळशाच्या डांबरातून बेंझिन निघतं, बेंझिनमधून रंग निघतात, रंगांवर अख्खं गाव जेवतं, इथवर कोणाचंच दुमत नव्हतं. पण त्या बेंझिनच्या पोटात सहा कार्बनचं एक षट्कोनी कडं असतं म्हणे, आणि ते आतून कसं जोडलंय यावर दोघांची जुंपली. डॉक्टर हाझेनकाम्प म्हणायचे, एक बंध दुहेरी, एक एकेरी, असे पाळीपाळीने. डॉक्टर ओव्हरबेक म्हणायचे, छे, बंध आतून आडवे जातात, चाकाच्या आऱ्यांसारखे, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याला. ते कडं दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. बघता येतच नाही ते. तरी एके दुपारी कारखान्याच्या खानावळीत हाझेनकाम्पांनी ओव्हरबेकांच्या वाटाण्याच्या सूपमध्ये मीठदाणी उपडी केली आणि बोलणं बंद झालं ते झालंच.

आता शिकलेल्या माणसांच्या अबोल्याचा भार कोणावर पडावा? कपडे धुणाऱ्या बाईवर. दोघांचे कोट एका टोपात भिजवायचे नाहीत, असा हुकूम निघाला. हाझेनकाम्पांचा कोट सोमवारी, ओव्हरबेकांचा गुरुवारी. शिवाय एक कागद आला, खाली मोठ्या साहेबांची सही: धुणाऱ्या व्यक्तीने कोटाच्या खिशात कोणत्याही कारणाने हात घालू नये, खिशात धंद्याचं गुपित असू शकतं.

"गुपित कसलं डोंबलाचं," बिलामावशी म्हणाली. "गेल्या खेपेला अर्धा हेरिंग मासा होता."

बिलामावशी म्हणजे सिबिला क्राह्विंकेल. वय बावन्न, अंगाने आडवी, आवाजाने उभी. कारखान्याचं, मोठ्या साहेबांच्या घरचं आणि पाद्रीबाबांचं धुणं तिच्याकडे. वुपर नदीचं पाणी ती वापरत नसे. वुपर सोमवारी जांभळी वाहायची, बुधवारी हिरवी, त्यात पांढरा कपडा कोण बुडवणार? तिचा झरा वर चढणीवर होता, आणि झऱ्याच्या बाजूला धुणं उन्हात पसरायला कुरण.

पण गावात तिची ख्याती धुण्यापेक्षा नाकाची होती. कोट हुंगला की तो घालणाऱ्याने आठवडाभर काय केलं हे ती सांगायची. कडू बदामाचा वास आला की तिखट आम्लात बेंझिन घातलंय. शिळ्या माशाचा आला आणि बाहीला काळा चिखल असला की त्या बदामी तेलात लोखंडाचा कीस आणि आम्ल घालून त्याचं ॲनिलिन केलंय. केमिस्ट्रीचा एक शब्द तिला येत नव्हता. तिला फक्त क्रम ठाऊक होता, कुठल्या वासामागून कुठला वास येतो तो.

हे नाक तिने हौसेनं कमावलेलं नव्हतं. तिचा नवरा हुबर्ट शेड नंबर तीनमध्ये कामाला होता, जिथे बेंझिनचं बदामी तेल करतात. त्या तेलाची वाफ अंगात मुरते. मुरलेल्या माणसाचे ओठ निळसर होतात, डोकं जड होतं, आणि त्यात त्याने बियर घेतली तर खेळ खलास. शेडमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि शेडमधला प्रत्येकजण सुटल्यावर बियर प्यायचाच, कारण बाहेर पडल्यावर जी तहान लागते ती पाण्याने जात नाही असं त्यांचं म्हणणं. मग बिलामावशीने एक पद्धत घालून दिली. संध्याकाळी सहाला भोंगा झाला की ती फाटकापाशी उभी राहायची, हुबर्टच्या शर्टाची कॉलर धरून हुंगायची आणि निकाल द्यायची. बदाम फिका असेल तर जा, पी. कडक असेल तर मुकाट्याने घरी, ताकाचा वाडगा. सगळी शेड हसायची. हुबर्ट अकरा वर्षं त्या नाकावर जगला. मग एका संध्याकाळी तिला भावजयीच्या बाळंतपणाला जावं लागलं, फाटकापाशी कोणी नव्हतं, आणि हुबर्टने एकच पेला घेतला. एकच हो.

आता त्याच शेडमध्ये तिचा मुलगा एवाल्ड होता. सव्वीस वर्षांचा घोडा, खांदे बापाचे, जीभ आईची. "आई, नाक तुझं असेल, पण घसा माझा आहे," असं चारचौघांत म्हणायचा, आणि तरी रोज सहाला कॉलर पुढे करायचा. नाही केली तर ती बखोटीला धरून हुंगेल, हे त्याला माहीत होतं.

तर त्या वर्षी मार्चच्या बावीस तारखेला, कैसरच्या, म्हणजे बादशहाच्या, वाढदिवसाला, कारखान्याच्या सगळ्या डॉक्टरांचा पांढऱ्या कोटात फोटो काढायचं ठरलं. हुकूम वीस तारखेला सकाळी आला. बारा कोट, शिवाय साहेबांच्या घरचं महिन्याचं मोठं धुणं: चौदा लांब लेंगे, अकरा रात्रीचे झगे, आठ चादरी. आणि पाद्रीबाबांच्या गळ्यातल्या दोन पांढऱ्या पट्ट्या. एका दिवसात.

"सोमवार-गुरुवारचं काय करू?" बिलामावशीने निरोप आणणाऱ्या कारकुनाला विचारलं.

"कैसरचा वाढदिवस शनिवारी ठेवलाय देवाने, त्याला मी काय करू?" कारकून म्हणाला. "उरका एकदाचं."

मग तिने काय करावं? एकच मोठा टोप काढला. सोड्याचं कडक पाणी केलं आणि लेंगे, झगे, चादरी, पट्ट्या आणि अकरा कोट त्यात दाबले. ओव्हरबेकांच्या कोटाच्या खिशात एक पुडकं लागत होतं, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. हात घालायचा नाही असा लेखी हुकूम. तिने कोट खिशासकट बुडवला. तिच्या अंगणात तेव्हा इतकी थंडी की टोपाच्या कडेला बर्फाची पापडी धरलेली. दुपारी कारकून धापा टाकत बारावा कोट घेऊन आला, हाझेनकाम्पांचा. त्याच्या खिशातून पाणी ठिबकत होतं आणि आत बाटलीसारखं काहीतरी कडक होतं. पुन्हा तोच हुकूम. तिने तोही दाबला आणि वरून बडवण्याने दोन घाव घातले. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

मग पाणी लाल झालं.

हळूहळू नाही. कोटाच्या खिशातून लाल भडक लोट निघाला आणि ज्या ज्या कापडाला शिवला ते ते लाल होत गेलं. चादर लाल झाली, झगे लाल झाले, मोठ्या साहेबांचा एकेक लेंगा वर येऊन लाल होऊन खाली गेला. पट्ट्या सगळ्यांत शेवटी. बिलामावशी काठी धरून नुसती बघत राहिली. भानावर आल्यावर तिने सगळं उपसलं, झऱ्याच्या पाण्यात चारदा खळबळलं, साबण लावून भट्टीला उकळलं, आपटलं, रडली, पुन्हा आपटलं. इतका पक्का रंग तिने जन्मात पाहिला नव्हता. पाण्यात टिपूस उतरेना.

आता ओलं कापड लाल असो की पांढरं, वाळत तर घालायलाच हवं. तिने दोऱ्या बांधल्या आणि सत्तेचाळीस नग चढणीवर ओळीने वाळत घातले. वारा बरा होता. खालच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा. त्या काळी समाजवाद्यांवर बंदी होती, लाल झेंडा लावला की तुरुंग, आणि इथे कैसरच्या वाढदिवसाच्या तोंडावर अख्खी टेकडी लाल फडफडत होती.

पोलिश नावाचा हवालदार तीनच महिन्यांपूर्वी पूर्वेकडून बदलून आलेला. मिशा टोकदार, हातात कायम पांढरेशुभ्र मोजे. तो चढण चढून आला.

"हे काय आहे?"

"धुणं."

"रंग कोणता?"

"तुम्हाला दिसतोय तोच."

"लाल झेंडे लावायला बंदी आहे. सत्तेचाळीस मोजलेत मी."

"झेंड्याला पाय असतात का हो, हवालदारसाहेब?" बिलामावशी म्हणाली. "हा नीट बघा. याला दोन पाय आहेत, पुढे बटणं आहेत, आणि कमरेला मोठ्या साहेबांच्या नावाची अक्षरं भरलेली आहेत."

पोलिशने लेंगा उलटसुलट केला. "मोठ्या साहेबांचं नाव वापरून झेंडा लावला," त्याने वहीत लिहिलं. "हे दुसरं कलम."

सगळं धुणं जप्त झालं. सुनावणी चोवीस तारखेला ठरली. तोवर बिलामावशीने घरी राहावं, पण रोज संध्याकाळी सहा वाजता ठाण्यावर येऊन हजेरीचा अंगठा द्यावा असं ठरलं.

"सहाला नको," ती म्हणाली. "पाचला देते, सातला देते. म्हणाल तर दोनदा देते. सहाला मला फाटकापाशी काम असतं."

"कसलं काम?"

"मुलाचा शर्ट हुंगायचा असतो."

पोलिशने तेही लिहून घेतलं. सहाची वेळ बदलली नाही. शिक्षा काय होईल, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, तीन महिने तरी. तिने मनातल्या मनात मोजलं. तीन महिने म्हणजे नव्वदच्या आसपास संध्याकाळी. तिथल्याच बाकावर ती बसली. तुरुंगाचं तिला काही वाटत नव्हतं, तुरुंगातही कपडे धुवावेच लागतात.

इकडे ठाण्यावर वेगळीच पंचाईत. पुरावा ओला होता. ओला पुरावा ठेवला तर कुजतो, कुजला तर कोर्टात चालत नाही. मग पोलिशने नियमाप्रमाणे ठाण्याच्या अंगणात, रस्त्याकडेला, दोऱ्या बांधून पुरावा वाळत घातला. मार्चमधलं ऊन ते केवढं, दोन दिवस झाले तरी वाळेना. बावीस तारखेला कैसरच्या वाढदिवसाची मिरवणूक बँड वाजवत ठाण्यावरून गेली तेव्हा ठाण्यावर सत्तेचाळीस लाल कापडं फडफडत होती आणि त्यांच्या मधोमध पोलिश पहाऱ्यावर ताठ उभा. मिरवणुकीतले कामगार तिथे आले की पावलं हळू करायचे आणि गंभीर चेहऱ्याने टोप्या काढायचे. पोलीसठाण्याला इतका मान बार्मेनमध्ये त्याआधी कधी मिळाला नव्हता. फोटो रद्द झाला. मोठे साहेब मेजवानीला गेले, पण आत लेंगा नसल्यामुळे थंडीने कुडकुडत अर्ध्यातून परतले असं त्यांच्या स्वयंपाकिणीने सांगितलं.

त्या संध्याकाळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सहाला बिलामावशी ठाण्यावर अंगठा देत होती. मिरवणुकीनंतर शेड नेहमीसारखी चालली होती, आणि सुटताना कैसरच्या नावाने कारखान्याने फुकट बियर ठेवली होती. ती धावत पळत घरी पोचली तेव्हा एवाल्ड दाराच्या उंबऱ्यावर बसलेला, भिंतीला डोकं टेकून, ओठ शाईत बुडवल्यासारखे निळे.

"किती घेतलीस?"

"अर्धा पेला. कैसरचा होता," तो म्हणाला, आणि हसायला गेला तर त्याला ते जमेना.

तिने त्याचा शर्ट फाडून काढला, हाताला आला तो साबण घेऊन त्याला अंगणात थंड पाण्याने घासला, खिडक्या उघड्या टाकल्या, आणि त्याला धरून चालवत राहिली, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. "बोल," म्हणायची. "काहीतरी बोल. शिव्या दे मला." तो शिव्या देत होता तोवर तिला धीर होता. थांबला की ती त्याला गदागदा हलवायची. केव्हातरी त्याच्या ओठांवर रंग आला आणि त्याने भाकरी मागितली. मग ती मोरीत जाऊन तोंडात एप्रनचं टोक कोंबून रडली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

चोवीस तारखेला कोर्ट भरलं. न्यायाधीश टेर्युंग म्हातारे, तपकिरीचे शौकीन. एका बाजूला लाल लेंग्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला साक्षीदार. हाझेनकाम्प उंच आणि वाळके, ओव्हरबेक बुटके आणि गोल, दोघं कामावरूनच दुसरे, न धुतलेले कोट घालून आलेले आणि एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मागच्या बाकावर मोठे साहेब, लेंगे परत मिळावेत म्हणून जातीने हजर.

"तुमच्या कोटाच्या खिशात काही होतं?" न्यायाधीशांनी हाझेनकाम्पांना विचारलं.

"काही नव्हतं."

"तुमच्या?"

"काही नव्हतं," ओव्हरबेक म्हणाले. "असलं तरी सांगता येणार नाही. करार आहे. पण नव्हतं."

"मग कापड लाल कशाने झालं?"

"राजकारणाने," पोलिश मागून म्हणाला.

न्यायाधीशांनी बिलामावशीला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. ती उभी राहिली. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता तिच्या, आणि रागही आलेला होता.

"साहेब, हे दोघं शिकलेले आहेत म्हणून खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण मला त्यांच्याजवळ जाऊन एकदा हुंगू द्या."

"कोणाला?"

"डॉक्टरांना."

न्यायाधीशांनी तपकिरीची चिमूट नाकात भरली. "मला स्वतःला पंधरा वर्षं कशाचाच वास येत नाही," ते म्हणाले. "हुंगा."

बिलामावशी हाझेनकाम्पांपाशी गेली. कॉलर धरली, मग बाही, मग काख. डॉक्टर छताकडे बघत राहिले.

"गेल्या आठवड्यात यांनी आधी बदामी काम केलं. वास कॉलरखाली राहिलाय. मग लोखंडाचा कीस, हा बघा उजव्या बाहीला काळा चिखल, आणि मासा. आणि मग व्हिनेगर."

"व्हिनेगर?" हा आवाज ओव्हरबेकांचा होता. ते वळून बघत होते.

"व्हिनेगर. मलाही आधी कळायचं नाही, माशानंतर व्हिनेगर कशाला. मग म्हटलं, आपण हेरिंगला तेच करतो की. नुसता मासा फार उग्र, व्हिनेगर लावलं की निवतो. हे तो मासा निववतात आणि मगच पुन्हा तिखट आम्लात घालतात, हे पिवळे डाग नंतरचे आहेत, वरच्या थरातले. नाहीतर मासा आम्लात जळून काळा डांबर होत असणार."

हाझेनकाम्प मटकन बसले. "माझी वही कोणी वाचली?"

"वही कशाला वाचू, कोट आहे की. मग व्हिनेगर काढून टाकतात, पिवळी पूड राहते, आणि शेवटी तिचं पाणी करून बर्फात. दर वेळी बर्फात. बाही नेहमी गारठलेली असते."

"थांबवा तिला," मोठे साहेब ओरडले. "दोन वर्षांचं गुपित आहे ते."

"तुमचे चौदा लेंगे माझ्या टेबलावर आहेत, फासबेंडरसाहेब," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

ओव्हरबेकांची पाळी यायच्या आधीच ते कोटाची बटणं सोडून उभे राहिले होते. तिने त्यांचीही बाही हुंगली. "यांचं सोपं आहे. डांबराच्या गोळ्या, मग आम्ल, मग कॉस्टिक सोडा वितळवून. ही सगळी भोकं त्याचीच, मी रफू करून थकले. शेवटी एक पांढरी पूड होते. साध्या पाण्यात विरघळत नाही, सोड्याच्या पाण्यात जाते. माझ्या टोपात सोडा होता."

 तेवढ्यात सगळ्यांना ऐकू आलं: टप, टप. हाझेनकाम्पांच्या खिशातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"साहेब," बिलामावशी म्हणाली, "मी कोणाच्या खिशात हात घालणार नाही. तसा लेखी हुकूम आहे. तुम्ही त्यांना सांगा."

न्यायाधीशांनी सांगितलं. हाझेनकाम्पांच्या खिशातून रबरी पिशवीत बर्फ निघाला आणि बर्फात एक बाटली. ऊब लागली की हे द्रव्य बिघडतं, आणि टेबलावर ठेवलं की ओव्हरबेकांचे लोक बघतात, म्हणून ते चार महिने खिशातच बाळगत होते. ओव्हरबेकांच्या खिशातून पांढऱ्या पुडीचं पुडकं निघालं. तेही टेबलावर ठेवत नसत, कारण हाझेनकाम्पांचे लोक बघतात.

बादली आली, सोडा आला. तिने पूड विरघळवली, वर बर्फ टाकला. आता पांढरं कापड हवं होतं.

"फसवणूक होणार नाही यावर माझं लक्ष राहील," पोलिश म्हणाला. "मी स्वतः बुडवतो." आणि त्याने पांढऱ्या मोज्यांसकट दोन्ही हात बादलीत घातले, काढले, पुढे धरले. मोजे पांढरेच होते. त्याने विजयाने न्यायाधीशांकडे पाहिलं. बिलामावशीने बाटलीचं बूच काढलं आणि हातांवर ओतलं.

मोजे मनगटापर्यंत लाल भडक झाले. पोलिश दोन्ही हात वर धरून बघत राहिला.

"हवालदार, हात खाली घ्या," न्यायाधीश म्हणाले. "भर कोर्टात दोन लाल नग फडकवताय. बाई निर्दोष."

मोठ्या साहेबांनी टाळी वाजवावी की लेंगे उचलावेत हे ठरेपर्यंत दोन्ही डॉक्टर बादलीवर वाकलेले. "धाग्यातच तयार होतो," ओव्हरबेक म्हणत होते, "आधी माझी पूड धाग्यात मुरते, मग तुमचं द्रव्य येऊन तिला धरतं. म्हणून निघत नाही." चार वर्षांनी पहिल्यांदा. "आणि व्हिनेगरची युक्ती, हाझेनकाम्प, ती फार सुंदर." हाझेनकाम्पांचे डोळे भरून आले. त्यांनी ओव्हरबेकांचा हात धरला. "तुमची पूड माझ्या द्रव्याला कड्याच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यावर धरते, ते बघायला हवं," ते म्हणाले. "पाळीपाळीने बंध मानले तर सहज कळतं."

ओव्हरबेकांनी हात सोडवून घेतला. "आडवे," ते म्हणाले. बिलामावशी बाहेर पडली तेव्हा दोघं पुन्हा पाठीला पाठ लावून बसले होते, मधे बादली.

बाहेर गाव जमलेलं. तिला उचलून घ्यायला बघत होते, पण ते चौघांना जमेना, म्हणून हाताला धरून नदीकाठच्या गुत्त्यात नेलं. साडेपाच वाजले होते. सहाचा भोंगा झाला तशी शेड नंबर तीन सगळीच्या सगळी आत आली, बावीस जण, हसत, ढकलाढकली करत. मालकाने पेले भरले. लेंग्यांवरचे विनोद झाले, मोज्यांवरचे झाले. कोणीतरी म्हणालं, बिलामावशीच्या नाकाच्या नावाने, आणि बावीस हात वर गेले.

एवाल्डचा हात वर गेला नाही. त्याच्या हातात पेला होता, फेस कडेवरून ओघळत होता, आणि तो आईकडे बघत होता. मग त्याने पेला टेबलावर ठेवला, सगळ्यांच्या देखत तिच्यापाशी आला, गुडघ्यावर बसला आणि स्वतः कॉलर पुढे केली. कोणी हसलं नाही. त्याचे निळे ओठ दोन दिवसांपूर्वी सगळ्यांनी पाहिले होते.

बिलामावशीने हुंगलं. तिचे हात लाल होते, मनगटापर्यंत, पुढचे कित्येक आठवडे तसेच राहणार होते. तिने दोनदा हुंगलं.

"ताक," ती म्हणाली.

"बरं," एवाल्ड म्हणाला. एवढंच. आणि ताकाचा वाडगा घ्यायला गेला. त्याचा पेला तिने उचलला आणि घटाघटा स्वतः पिऊन टाकला, कारण चार दिवसांची तहान तिलाही होती.

वर गेलेले बावीस हात तोवर तसेच अधांतरी होते, नाही, एवाल्डचा सोडून एकवीस. त्यातला म्हातारा ग्रोटे, जो हुबर्टच्या बरोबरीने शेडमध्ये लागला होता आणि तिच्यावर सर्वांत जास्त हसायचा, त्याने आपला पेला हळूच खाली ठेवला. गळ्यातला रुमाल सोडला. त्याच्या मागे एकजण उभा राहिला, त्याच्या मागे आणखी एक. रांग दारापर्यंत गेली.

तिने ग्रोटेची कॉलर हुंगली. "फिका आहे. पी. एकच."

"एकच," ग्रोटे म्हणाला.

"पुढचा," बिलामावशी म्हणाली.